दुकानात गर्दी आहे

आर्णी
संक्रांतीनंतरचा बुधवार

प्रिय निकू,

पत्राच्या सुरुवातीले इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे. मीही तसंच लिहिलं होतं. तुझ्या आईनं तो कागद माझ्या हातातून ओढला आणि फाडून चुलीपाशी टाकला. म्हणे, तोंडानं सांगून पोट नाही भरलं का, आता कागदावर पण तेच? म्हणून ते वाक्य सोडून देतो. तब्येतीनं आम्ही दोघंही धड आहोत, घाबरू नको. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, ते जुनंच आहे. हे पाकीट तुमच्या वॉचमननं तुझ्या हाती दिलं असेल. वाचून होईपर्यंत मले फोन करू नको. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ फिरते, आणि मग जे बोलू नये तेच मी बोलून बसतो.

तू दर रविवारी फोन करतेस. आधी आईशी बोलतेस, भाजी काय केली, बीपीची गोळी घेतली का, सारं विचारतेस. मग मी दुकानात असतो म्हणून माझ्या फोनवर लावतेस आणि पहिलाच प्रश्न, बाबा, बाजार कसा आहे? मी म्हणतो, मस्त आहे बाई, दुकानात गर्दी आहे, पाय ठेवाले जागा नाही. मागून भांड्यायचा खणखणाट होतो. तू म्हणतेस, तो आवाज ऐकला की पुण्यात बसून मले आर्णीत बसल्यासारखं वाटते. मग मी म्हणतो, ठेवतो आता, गिऱ्हाईक उभं आहे. एवढंच आपलं बोलणं. बापलेकीत यापेक्षा जास्त काय बोलतात, ते मले कधी जमलंच नाही.

तुझ्या नोकरीचं मले आधी काही समजत नव्हतं. पुढच्या साली देशाची वाढ किती होईल, नोकऱ्या निघतील का, महागाई कुठपर्यंत जाईल, व्याजाचा दर वर जाईल का खाली येईल, हे आधीच सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. आपला टेम्पोवाला लखीराम म्हणायचा, आमच्या तांड्यात असा माणूस असता तर त्याले कोणी वावरात निंदाले नसतं पाठवलं, बाजेवर बसवून चहा पाजला असता. तू एकदा दिवाळीत आलीस तेव्हा दुकानाच्या गादीवर बसून मले समजावून सांगितलं होतं. सारे आकडे मशीनमध्ये टाकता, मशीन एक आकडा देते, पण मशीनले मागचंच दिसते, पुढचं नाही. मग तुम्ही माणसायले विचारता आणि त्या आकड्याले थोडं वर किंवा थोडं खाली सरकवता. मले ते पटलं. मी पण तराजूवर भांडं ठेवल्यावर काट्याकडे नुसतं पाहत नाही, हातानं उचलून पण पाहतो. पण तुम्ही विचारता ती माणसं कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. मले वाटलं, मोठे कारखानदार असतील.

आता गर्दीचं सांगतो. ती खोटी नव्हती बरं का. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर दुकानात खरंच गर्दी झाली. सकाळी शटर वर करायच्या आधी बाया पायरीवर बसून राहायच्या. राळेगावकडून येणारी एसटी थांबली की आणखी दोन-चार उतरायच्या. पण निकू, त्या घ्याले नव्हत्या आल्या. प्रत्येकीच्या पिशवीत, नाहीतर लुगड्यात गुंडाळलेलं जुनं पितळ होतं. घागरी, पाण्याचे गुंड, परात, पसरट कोपर. मोडीत घालाले आणलेलं. सोयाबीनले भाव नव्हता, कापूस पावसानं काळा पडला होता, आणि घरात विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. तू लहानपणापासून दुकानात वाढली, तुले माहीत आहे. बरं साल असलं की लोक पोरीच्या आंदणात भांडी घेतात आणि त्यावर नाव टाकून मागतात. वाईट साल आलं की तीच भांडी परत येतात. माझ्याच हातानं टाकलेली नावं मी वाचत होतो आणि मोड वितळवणाऱ्या भट्टीवाल्याच्या ढिगात टाकत होतो. लखीरामची बायको हंसाबाई पण आली होती त्या गर्दीत. तिच्या लग्नातली घागर, तिच्यावर मी नवीनच शिकलो होतो तेव्हा टाकलेलं नाव, ह तिरपा पडलेला. तिनं खाली पाहतच घागर तराजूवर ठेवली. मी पण कुठे तोंड वर केलं?

त्या रविवारी तुझा फोन आला. तू विचारलं, बाजार कसा आहे? मी म्हटलं, गर्दी आहे. तू म्हटलं, खरंच? मी म्हटलं, पाय ठेवाले जागा नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कशाची गर्दी, हे तू विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं बोलणाऱ्याले निदान खोटं रचावं तरी लागते. मले तेवढीही मेहनत पडली नाही.

काहून नाही सांगितलं, ते पण लिहून टाकतो. त्याच्या आदल्या महिन्यात तू म्हटलं होतं, बाबा, धंदा होत नसेल तर बंद करा आता, इकडे या, एक खोली रिकामीच पडली आहे. तू मायेनंच बोलली. पण मले तुझं घर आठवलं. तुझ्याकडे आम्ही राहून गेलो ना एकदा, तेव्हा मी सकाळी उठून काय करू म्हणून खाली गेटवर जाऊन वॉचमनशी बोलत बसायचो. मग एक दिवस तो बिचारा म्हणाला, काका, सोसायटीवाले ओरडतात मले. त्या दिवशी मी वर येऊन दिवसभर टीव्हीसमोर बसलो. तुमच्या दहाव्या मजल्यावर मी कोणतं शटर उघडू सांग? आर्णीत मी भांडेवाला आहे. रस्त्यानं जाणारा येणारा राम राम घालते. तिथं मी निकिता मॅडमचे वडील, लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभे राहणारे. तुझ्या आईचं मात्र तसं नाही. ती तेव्हाच म्हणाली होती, चला ना, पोरीजवळ राहू. मी तिचंही ऐकलं नाही आणि तुलेही खरं सांगितलं नाही. माझं दुकान वाचावं म्हणून मी गप्प राह्यलो, बाकी काही नाही. तुले काळजी नको म्हणून वगैरे मी आजवर आईले सांगत आलो, ते सारं झूट आहे.

मग उन्हाळा लागताच तुझा तो अहवाल आला. जिल्ह्याच्या पानावर छापून आलं होतं, आर्णीच्या कन्येचा अंदाज, गावखेड्यातली मागणी सावरते आहे, वाढ बाकीचे सांगतात त्यापेक्षा जास्त होईल, तालुक्याच्या गावायमध्ये रोजगार निघतील. तुझा फोटो पण होता. मी ते कात्रण लॅमिनेट करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं. येणाऱ्या जाणाऱ्याले वाचून दाखवायचो. आणि खरी मजा पुढे आहे. त्यावर सगळ्यात आधी मी स्वतः विश्वास ठेवला! माझ्यासमोर मोडीचा ढीग पडला होता, तरी मी म्हटलं, आपल्याले आर्णीपुरतं दिसते, पोरीले देश दिसते. नागपूरहून नवा माल भरला. पिंप, कढया, चकचकीत डिनर सेट. ते खोके अजून माळ्यावर तसेच आहेत, सुतळी पण सोडली नाही.

लखीराम रोज संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो दुकानासमोर लावून चहा प्याले यायचा, तुले माहीतच आहे. तुझी बारावीची पुस्तकं यवतमाळवरून त्याच्याच गाडीतून यायची. त्याचा पोरगा प्रेम तेव्हा चाकणले गाड्यायचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. कंत्राटावर होता, पण साहेब खूश होता, पर्मनंट करतो म्हणत होता. प्रेमचं मन मात्र गावाकडे ओढत होतं. मोबाईल रिपेरिंग शिकला होता, आर्णीत दुकान टाकतो म्हणे. लखीरामले ठरवता येईना. त्यानं मले विचारलं, भिया, सख्खा भाऊ म्हणून तू सांग, पोट्ट्याले बोलवू का नको? मी त्याले कात्रणाकडे बोट दाखवलं. म्हटलं, अरे, हे माझी पोरगी म्हणून नाही सांगत मी, हे देशाचं गणित आहे. आर्णीत पैसा येऊन राह्यला. बोलव त्याले. लखीराम मले कधीच दुसऱ्यांदा विचारत नाही. माझा शब्द म्हणजे झालं.

अक्षय तृतीयेले प्रेमनं दुकान उघडलं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. नारळ मी फोडला. तू पण फोनवर त्याले शुभेच्छा दिल्या होत्या, तो किती दिवस सांगत होता, निकिताताईनं फोन केला म्हणून. लहानपणी तूच त्याले आपल्या पायरीवर बसवून पाढे शिकवलेस ना, त्याले अजून कौतुक आहे. पावसाळ्यात त्या दुकानात लोक यायचे, स्क्रीनगार्डचा भाव विचारायचे आणि फुटक्या काचेचाच फोन खिशात घालून निघून जायचे. दसऱ्याले त्यानं पाटी उतरवली. चाकणले फोन लावला तर साहेब म्हणाला, तुझ्या जागेवर केव्हाचा दुसरा आला. तेव्हापासून तो बापाच्या गाडीवर पोती चढवते-उतरवते. गाडी एकाच माणसापुरती आहे, हे दोघांलेही कळते. भेटला की काका म्हणून हसते. मले ते हसणं पाहवत नाही, बाई. मी रस्ता बदलतो.

या सगळ्याच्या मधात, गणपती उठल्यावर, एक दिवस लखीराम फोन घेऊन धावत आला. तुझी मुलाखत लागली होती. मराठीतच होती म्हणून आम्हाले सारं कळलं. मुलाखत घेणाऱ्या बाईनं तुले विचारलं, तुमचा आकडा बाकीच्यायपेक्षा वर कसा? तू हसली. म्हणाली, मॉडेल सगळ्यायजवळ असतं, माझ्याजवळ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे जुने भांड्यायचे व्यापारी आहेत. दर रविवारी मी त्यायले विचारते. ते सांगतात दुकानात गर्दी आहे, आणि मी माझा आकडा वर सरकवते. लखीरामनं माझ्या पाठीवर थाप मारली, भिया, हे तर तूच बे! मोठमोठ्यानं हसला, शेजारच्या सलूनवाल्याले हाक मारून दाखवाले लागला. आणि मधातच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तू तिले कोणती गर्दी सांगत होता? मी फडकं घेऊन परात पुसाले लागलो. त्याची बायको त्याच गर्दीत घागर घेऊन उभी होती, त्याले वेगळं काय सांगणार? त्यानं चहा अर्धाच ठेवला, फोन खिशात घातला आणि गाडी सुरू करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, नेहमीसारखा. त्या गोष्टीवर आजवर एक शब्द काढला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी एवढा मेलो नसतो.

म्हणजे समजलं ना तुले? तो आकडा मीच होतो. माझंच बोलणं तुझ्याकडे गेलं, इंग्रजी कपडे घालून पेपरात छापून आलं, आणि मी त्याले देशाचं गणित म्हणून लखीरामले दाखवलं. तुझ्या हिशोबात माझा वाटा कितीसा असेल, मले माहीत नाही, पॉइंटच्या पुढचा एखादा आकडा असेल. प्रेमच्या नोकरीत मात्र तो पुरेपूर होता.

त्या दिवसानंतर तरी तुले सांगायचं होतं. आता तुझ्या आईनं जे सांगाले लावलं ते लिहितो. यावर ती संक्रांतीपासून माझ्याशी धड बोलत नाही. तिळगूळ पण ताटात ठेवून निघून गेली. निकू, दुकान दिवाळीच्या आधीच बंद झालं. शटर मी ओढलं ते ओढलं. आता फक्त रविवारी उघडतो, तेही कमरेइतकं. तुझ्या फोनच्या वेळेले वाकून आत जातो, लाइट लावतो आणि गादीवर बसतो. तू बाजार कसा आहे विचारलं की एका हातानं फोन कानाले धरतो आणि दुसऱ्या हातानं पातेल्यावर झाकण आपटतो. कधी चमचे परातीत टाकतो, गिऱ्हाईक निवडून राह्यलं असं वाटावं म्हणून. एकदा तर मी मोठ्यानं म्हटलं, अहो ताई, त्यातलं मोठं दाखवतो थांबा. दुकानात मी एकटा होतो. तुझ्या आईनं त्या दिवशी शटरखालून वाकून पाहिलं, मी डबा आणाले विसरलो म्हणून आली होती. तिनं कपाळावर हात मारला. म्हातारपणी नाटक कंपनी काढली का, असं म्हणाली, आणि मग रडली.

मागल्या रविवारी तू म्हणालीस, बाबा, बाकी सगळ्या संस्थायनी आकडा खाली आणला आहे. आमचे साहेब म्हणतात, तू पण आण, मागच्या दोन्ही वेळा तू वरच चुकली. पण मी ऐकलं नाही. शुक्रवारी बजेटच्या आधीच्या मीटिंगमध्ये सगळ्यायसमोर मी माझाच आकडा मांडणार आहे. या वेळीही चुकली तर हे काम माझ्याकडून काढून घेतील. पण आर्णीत गर्दी आहे ना? मी तुमच्या भरवशावर उभी आहे. असं तू म्हणालीस. मले सगळं माहीत होतं. मुलाखत पाहिली होती, प्रेमले पोती उचलताना पाहिलं होतं. आणि तरी माझा हात झाकणावर गेला. दोनदा आपटलं. तू म्हणालीस, बस्स, ऐकलं. आणि फोन ठेवला. त्यानंतर मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होतो. मले माझी एवढी शिसारी कधी आली नव्हती.

म्हणून हे पत्र. पोस्टानं टाकलं असतं तर शुक्रवार हुकला असता, आणि फोनवर माझा भरवसा मलेच नाही. प्रेम आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याले निघून राह्यला, पुन्हा काम शोधाले. मी त्याच्या घरी गेलतो, पहिल्यांदाच, तोंड लपवायचं सोडून. त्याले आणि लखीरामले समोर बसवून सारं सांगितलं, झाकणाचं पण. लखीराम म्हणाला, पोरीले आधी सांग. प्रेम पत्र न्याले तयार झाला, पण वर यायचं नाही म्हणाला. ताई विचारेल दुकान कसं आहे, मी काय सांगू? मी त्याले शपथ घातली की पाकीट वॉचमनजवळ दे, पण तू वाचून खाली येईपर्यंत हलू नको. तो या क्षणी तुमच्या गेटबाहेर बॅग घेऊन उभा आहे. रात्रभर गाडीत बसून आला आहे, त्यानं चहा पण घेतला नसेल. मले शिव्या घालायच्या त्या नंतर घाल. आमच्या येण्याचं तू आणि आई मिळून ठरवा, मी आता आड येणार नाही. पण आधी खाली जा, त्याले वर घेऊन ये, आणि शुक्रवारच्या आधी जे मले विचारायचीस ते त्याले विचार.

तुझाच,
बाबा